भिलाईत पाणी म्हणजे काय

लोहार तापलेला कोयता पाण्यात बुडवतो, त्याला आपण कोयत्याला पाणी देणे म्हणतो. मोत्याचे तेज म्हणजे मोत्याचे पाणी. दान देताना हातावरून पाणी सोडतात आणि तेवढ्याने दिलेल्या वस्तूवरचा हक्क संपतो. म्हणून हाती येणार नाही अशा गोष्टीवरही आपण पाणी सोडतो. कर्तबगार माणूस पाणीदार असतो, प्रतिस्पर्ध्याला पाणी पाजले जाते, आणि कुणाचा किती दम आहे हे पाहायचे तर त्याचे पाणी जोखावे लागते. मोल्सवर्थच्या कोशाच्या 1857च्या आवृत्तीपासून दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशापर्यंत कोशकारांनी या एका शब्दाखाली अर्थांची मोठी रांग लावली आहे. ती वाचताना जाणवते की यातला जवळजवळ प्रत्येक अर्थ पाण्याने केलेल्या एखाद्या कामातून निघाला आहे: धार टिकवणे, हक्क सोडणे, पीक उभे करणे, तहान भागवणे. सरकारी कागदावर मात्र पाणी एकच असते. ते दशलक्ष घनमीटरमध्ये साठते, क्युसेकमध्ये सुटते आणि दिवसाला इतके दशलक्ष लिटर या हिशेबाने वाटले जाते. मोजमापाशिवाय धरण चालत नाही, हे खरेच. पण मोजताना पाण्याचे काम कागदावरून निघून जाते आणि कामाबरोबर त्या कामावर जगणाऱ्याचा हक्कही निघून जातो, असे माझे म्हणणे आहे. ते तपासून पाहायला छत्तीसगढमधल्या दुर्गजवळच्या भिलाईइतके चांगले ठिकाण मध्य भारतात दुसरे सापडणार नाही, कारण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत इथल्या एकाच खोऱ्यातल्या पाण्याला निरनिराळ्या काळी निरनिराळे अर्थ लावले गेले आणि प्रत्येक वेळी जुना अर्थ न पुसता नवा त्यावर चढवला गेला.

मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. छत्तीसगढ 1854पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. त्यानंतर 1956पर्यंत दुर्ग आणि भंडारा एकाच प्रांतात नांदले, म्हणून मालगुजारी, निस्तार, वाजिब-उल-अर्ज हे महसुली शब्द दोन्हीकडे सारखेच रुजले. दुर्ग परिसरातल्या दल्ली-राजहऱ्याच्या लोहखनिजाचा शोधही नागपूरशी जोडलेला आहे. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या डोंगरांची नोंद केली. पुढे पोलाद कारखान्यासाठी जागा शोधणाऱ्या दोराबजी टाटांच्या नजरेस नागपूरच्या संग्रहालयातल्या नकाशावर दुर्ग जिल्हा पडला. खनिज उत्तम होते, पण कोळसा, पाणी आणि वाहतूक यांचे गणित जमेना. शेवटी टाटांचा कारखाना सुवर्णरेखा आणि खरकाई यांच्या संगमाजवळ साकचीला उभा राहिला. पुढे भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत मदतीचा करार 2 फेब्रुवारी 1955ला झाला आणि 4 फेब्रुवारी 1959ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. एव्हाना पाण्याचा प्रश्न सुटला होता, कारण तांदुला जलाशय आणि त्याचा कालवा आधीपासून तिथे होता.

तो कालवा कुणासाठी होता, हे विसरता कामा नये. 1899-1900च्या भीषण दुष्काळानंतर ब्रिटिश सरकारने सिंचन आयोग नेमला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत आज बालोद जिल्ह्यात असलेल्या तांदुला आणि सुखा या नद्यांच्या संगमावर बांध घातला गेला तो भाताला पाणी देण्यासाठी. भात पिकवणाऱ्या माणसाला छत्तीसगढमध्ये पाऊस अजिबात नसण्यापेक्षा तो सप्टेंबरात दडी मारण्याची भीती जास्त असते. कालव्याचे पाणी म्हणजे दाणा भरताना दिलेला शेवटचा आधार. या व्यवस्थेवर 1950च्या दशकात पोलाद कारखाना आला. त्याच्यासाठी गोंदली जलाशय बांधला गेला, 1960च्या दशकात खरखरा झाला, आणि 1970च्या दशकाअखेर धमतरीजवळ महानदीवर गंगरेलचे रविशंकर सागर धरण झाले, सुमारे 32 टीएमसी साठवणीचे. त्यासाठी पन्नासहून अधिक गावे पाण्याखाली गेली. या सगळ्या जलाशयांचे पाणी कालव्यांनी एकमेकांना जोडून भिलाईच्या मरोदा तलावांपर्यंत आणले जाते. भाताच्या आधारासाठी सुरू झालेली व्यवस्था अशी दोन पिढ्यांत भट्टीच्या आधारासाठी चालू लागली. शेतीचे पाणी बंद झाले नाही, कालवे भाताला आजही सुटतात. पण कुणाचा हक्क पहिला आणि कुणाचा उरल्यास, याचा क्रम बदलला.

कारखान्यात पाणी काय करते, हे तपशिलात पाहिले पाहिजे, कारण कारखाना 'पाणी पितो' एवढ्यावर चर्चा थांबते. झोतभट्टीच्या भिंतींतून पाणी सतत फिरते, कारण आतल्या दीड-दोन हजार अंशांच्या उष्णतेत ते फिरायचे थांबले तर भट्टीचे कवच टिकणार नाही. कोकभट्टीतून लाल निघालेला कोक पाण्याने विझवला जातो. लाटताना पोलादावर साचणारी खपली जोरदार फवाऱ्याने उडवली जाते. वितळलेल्या मळीवर पाण्याचा मारा केला की तिचे काचेसारखे दाणे होतात आणि ते सिमेंटमध्ये वापरता येतात. तीच मळी आपोआप थंड होऊ दिली तर नुसता दगड उरतो. शेजारच्या जामुलच्या सिमेंट उद्योगाचा मोठा आधार हे दाणे आहेत. आणि पाण्याचे आणखी एक काम आहे, जे बाहेरच्या माणसाला क्वचितच ठाऊक असते: विषारी वायूला अडवून धरणे. झोतभट्टीचा वायू धुण्यासाठी पाणी वापरतात. या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो आणि नळांतला पाण्याचा दाबच त्याला मागे फिरू देत नाही. 12 जून 2014ला भिलाईत हा दाब घसरला, वायू पाण्याच्या नळांतून उलटा पंपघरात शिरला आणि सहा जणांचा जीव गेला. त्यात कारखान्याचे वरिष्ठ अधिकारीही होते. त्या संध्याकाळी तलावांत पाणी नव्हते असे नाही. योग्य जागी योग्य दाबाने ते नव्हते. घनमीटरच्या हिशेबात ही गोष्ट कुठेच दिसत नाही.

इथे एक सबळ आक्षेप येतो. 2003मध्ये केंद्राने उद्योगांशी ठरवलेल्या पर्यावरण सनदेत लांब पोलादी उत्पादनांसाठी टनाला 5 घनमीटर आणि सपाट उत्पादनांसाठी 8 घनमीटर पाण्याची मर्यादा घातली होती. उलट एक किलो साळीमागे शेतात पाऊस आणि ओलित मिळून सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागते, असा भातसंशोधकांचा सर्वसाधारण हिशेब आहे. म्हणजे एक टन रुळाला जितके पाणी, तितके दोन किलो साळीला. मग कारखान्याकडे बोट कशाला दाखवायचे? या आक्षेपातले आकडे बरोबर आहेत, आणि पोलादाने दुर्गचे पाणी संपवले असे म्हणणारे लोक अतिशयोक्ती करतात, हे मान्य केले पाहिजे. पण या तुलनेत एक गफलत आहे. भाताचे बहुतांश पाणी आभाळातून त्याच शेतात पडते. कुणी धरले नाही तरी ते तिथे येतेच. कारखान्याला लागते ते धरलेले, वाहून आणलेले, वर्षाचे 365 दिवस, चोवीस तास, ठरलेल्या दाबाचे पाणी. त्याचे खरे माप खात्री हे आहे. ज्या वर्षी पाऊस चांगला असतो त्या वर्षी ही खात्री कुणाला जाणवतही नाही. ज्या वर्षी जलाशय अर्धे राहतात त्या वर्षी भट्टी आणि शहर यांच्यासाठी साठा आधी राखला जातो आणि उन्हाळी धानाला पाणी सुटत नाही. त्यामुळे थोडेसे वाटणारे पाणी, टंचाईच्या वर्षी, सगळ्यात महागाचे पाणी ठरते. राष्ट्रीय जलनीतीच्या 1987 आणि 2002च्या आवृत्त्यांत प्राधान्यक्रमात पिण्याचे पाणी पहिले, सिंचन दुसरे आणि उद्योग बराच खाली होता. कागदावर खाली असलेला उद्योग पुरवठ्याच्या कराराच्या जोरावर प्रत्यक्षात वर जातो. महाराष्ट्राने तर 2003च्या जलनीतीत उद्योगाला शेतीच्या वर उघडच बसवले होते आणि मोठा विरोध झाल्यावर 2011मध्ये तो क्रम बदलला. भिलाईत असा बदल करायला काही लिहिलेलेच नव्हते. क्रम व्यवहारात ठरला होता.

खात्रीच्या या पाण्याशेजारी छत्तीसगढच्या गावांत दुसरे पाणी नांदते, ते तलावाचे. छत्तीसगढीत तलावाला तरिया म्हणतात, त्याच्या बांधाला पार आणि उतरायच्या पायऱ्यांना पचरी. इथे आंघोळ होते, कपडे धुतले जातात, म्हशी बसतात, दहाव्याचे विधी होतात. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मुली टोपलीत उगवलेले भोजलीचे कोंब विसर्जन करतात आणि तेच कोंब एकमेकींच्या कानावर खोचून आयुष्यभराची मैत्री बांधतात. भात शिजवून पाण्यात ठेवला की बोरे, रात्रभर भिजला की बासी. उन्हात राबणाऱ्या माणसाला हे पाणीच जेवण आहे, आणि म्हणून 2022च्या कामगार दिनी राज्य सरकारने सगळ्यांना बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले तेव्हा ते लोकांना आपले वाटले. या सगळ्या वापरांना मिळून जो कायदेशीर शब्द आहे तो निस्तार. घरगुती आणि शेतीच्या गरजेपुरते गावच्या पाण्याचे, रानाचे, कुरणाचे जे घ्यायचा गावकऱ्याला हक्क आहे, तो निस्तार. ही मालकी नाही. निस्तारी तलाव विकता येत नाही, पण त्यातून कुणाला हाकलताही येत नाही. मध्य प्रदेशच्या 1959च्या महसूल संहितेत, जी छत्तीसगढने पुढे चालवली, निस्तार पत्रकासाठी कलम 234 आणि वाजिब-उल-अर्जसाठी, म्हणजे गावच्या रिवाजांच्या नोंदीसाठी, कलम 242 आहे. महाराष्ट्राच्या 1966च्या जमीन महसूल संहितेतही कलम 161 आणि 165 याच शब्दांसाठी आहेत, कारण विदर्भाने तो वारसा सोबत आणला. भंडारा-गोंदियाचे माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात, याच व्यवस्थेतले. 1950च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले, ही गोष्ट न्यायाचीच होती. पण गाळ काढण्याची, पार दुरुस्त करण्याची जबाबदारी कुणाची, हे त्यानंतर धूसर झाले. हक्क पत्रकात राहिला आणि तलाव गाळात गेला.

तलावांबद्दल लिहिताना हळवे होण्याचा मोह असतो, आणि त्याला दलित चळवळीने दिलेले उत्तर कुणीही टाळू नये. निस्तार गावाचा असे म्हणताना गाव म्हणजे कोण? घाट जातीप्रमाणे वाटलेले होते, काही जातींना पाण्यापर्यंत पोचूच दिले जात नव्हते. 1923मध्ये मुंबई कायदेमंडळाने बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले, तरी महाडचे चवदार तळे खुले व्हायला 20 मार्च 1927चा सत्याग्रह लागला आणि कोर्टातला निकाल 1937मध्ये आला. छत्तीसगढमध्ये सतनामी समाजाचा अनुभव वेगळा नव्हता. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण महाडच्या लढ्याने तळ्याची मालकी मागितली नव्हती; वापरातला हक्क मागितला होता. मालकी कुणाचीही असो, माणूस म्हणून हे पाणी मला घेता आले पाहिजे, हा त्यातला दावा होता. त्या लढ्याने वापराचा हक्क मोडीत काढला नाही, त्याची व्याप्ती सगळ्यांपर्यंत नेली. निस्ताराची कल्पना आज वाचवायची असेल तर ती महाडनंतरच्या अर्थाने वाचवावी लागेल. जुन्या गावगाड्याच्या अर्थाने ती परत आणण्यात काही राम नाही.

पाणी वापरणे आणि पाणी चोरणे यांतली रेषा कोण आखतो, हा प्रश्न भिलाईपासून फार दूर नसलेल्या कंडेल गावाने 1920मध्येच विचारला होता. महानदीच्या कालव्याचे पाणी घेण्यासाठी सरकारला गावांकडून दहा वर्षांचे करार हवे होते. कंडेलच्या लोकांचा हिशेब असा की त्या रकमेत गावाला स्वतःचा तलाव बांधता येईल. त्यांनी करार नाकारला, तेव्हा कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवून गावावर दंड बसवण्यात आला, वसुलीसाठी जनावरे जप्त झाली आणि लिलावात त्यांना कुणी बोलीच लावली नाही. पंडित सुंदरलाल शर्मा, बाबू छोटेलाल श्रीवास्तव आणि नारायणराव मेघावाले यांनी चालवलेल्या या सत्याग्रहापुढे अखेर सरकारने वसुली मागे घेतली. चंपारण, खेडा यांच्या तुलनेत कंडेलचे नाव मराठी वाचकांपर्यंत फारसे पोचले नाही, हे खटकते, कारण पाण्याच्या राजकारणातला इतका स्पष्ट प्रश्न त्या काळात दुसरीकडे कुठे उभा राहिलेला मला दिसत नाही: नदीतून वाहणारे पाणी कालव्यात आले की ते माल होते का?

अठ्ठ्याहत्तर वर्षांनी याच खोऱ्यात या प्रश्नाला 'होय' असे उत्तर दिले गेले. दुर्गजवळच्या बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरवण्यासाठी 1998मध्ये, अविभाजित मध्य प्रदेशात, सरकारी औद्योगिक विकास निगमाने रेडियस वॉटर या खाजगी कंपनीशी 22 वर्षांचा करार केला. शिवनाथ नदीवर बंधारा बांधून पाणी अडवायचे, उद्योगांना विकायचे. आणि उद्योगांची मागणी कमी पडली तरी निगमाने दिवसाला किमान 4 दशलक्ष लिटरचे पैसे द्यायचे. शिवनाथचा तेवीस-साडेतेवीस किलोमीटरचा पट्टा या व्यवस्थेखाली आला. मोहलईसारख्या काठच्या गावांतल्या लोकांना मासे धरायला, आंघोळीला, शेतीला पाणी उचलायला अटकाव होऊ लागला. 2000मध्ये छत्तीसगढ राज्य झाले, 2003मध्ये मुख्यमंत्री अजित जोगींनी करार रद्द करण्याची घोषणा केली, 2007मध्ये विधानसभेच्या लोकलेखा समितीने करार रद्द करावा अशी शिफारस केली. करार तरीही चालू राहिला.

कराराच्या बाजूने नेहमी दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली अशी की नदी विकली हा प्रचार आहे. करार पाणीपुरवठ्याच्या कामाचा होता. शब्दशः हे खरे आहे, करारात नदीची मालकी कुणाला दिलेली नाही. पण ज्या हक्काची कुठे मालकी नसते तो हक्क मोडायला मालकीचा व्यवहार लागतच नाही. वाट अडवली की पुरते. काठावरच्या माणसाचा निस्तार पाण्याच्या कामाच्या यादीत नव्हता, म्हणून करार लिहिताना तो कुणाच्या आड आला नाही. दुसरे म्हणणे अधिक गंभीर आहे: पाण्याला किंमत लावली तरच उधळपट्टी थांबते, फुकटचे पाणी सगळ्यात जास्त वाया जाते. उद्योगांच्या बाबतीत हे मला पटते. टनामागे पाण्याचा वापर कमी होत गेला त्यामागे पाणीदर आणि नियम या दोहोंचा हात आहे. पण बोरईच्या करारात किंमत काय करत होती? वापरले नाही तरी पैसे द्यायचेच, तर बचतीचा फायदा कुणालाच नव्हता. ज्या युक्तिवादाने करार समर्थनीय ठरतो त्याच युक्तिवादाने त्याची हमीची अट चुकीची ठरते. तिथेही खरा विक्रीचा माल खात्रीच होती, आणि ती खात्री सरकारी तिजोरीने दिली होती.

शहराच्या आत हीच गोष्ट नळापर्यंत येते. कारखान्याच्या टाउनशिपमधल्या सेक्टरांना कारखान्याच्या स्वतःच्या व्यवस्थेतून पाणी मिळते, कारण भट्टीला मिळालेल्या खात्रीत कामगाराचे घरही बसते. रेल्वेमार्गापलीकडच्या वस्तीला भिलाईत पटरीपार म्हणतात; ती महापालिकेच्या वाट्याला येते आणि शिवनाथच्या पाण्यावर चालते. नळ कधी येईल याचा भरवसा नसला की घरात पाणी साठवून ठेवावे लागते, आणि साठवलेले पाणी पुन्हा वेगळेच पाणी असते: 2018च्या पावसाळ्यात खुर्सीपार, छावणी या भागांत डेंग्यूने अनेकांचे बळी घेतले, तेव्हा प्रशासनाची पथके घरोघर कूलर आणि पिंपे रिकामी करत फिरत होती. दोन्ही बाजूंना माणशी किती लिटर मिळते याची सरासरी काढली तर हा फरक बराचसा झाकला जाईल.

शिवनाथ पुढे महानदीला मिळते आणि महानदीचे पाणी ओडिशात हिराकुडला अडते. ओडिशाच्या नद्यांच्या बहुउद्देशीय विकासाची दिशा ज्या कटकच्या परिषदेत ठरली, तिचे अध्यक्षपद 8 नोव्हेंबर 1945ला व्हाइसरॉयच्या कार्यकारिणीतले सभासद म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषवले होते. महाडच्या तळ्यावर ओंजळभर पाण्याचा हक्क मागणारा आणि खोऱ्याच्या पातळीवर पुराचे पाणी साठवण्याची योजना मांडणारा माणूस एकच होता, आणि त्याला या दोन गोष्टींत विरोध दिसला नाही. छत्तीसगढ आणि ओडिशा यांच्यातल्या वादासाठी मार्च 2018मध्ये महानदी जलविवाद लवाद नेमला गेला. वरच्या भागात बंधारे झाले, बिगरपावसाळी प्रवाह घटला, हे ओडिशाचे म्हणणे. आमच्या वाट्याइतकेही आम्ही वापरलेले नाही, हे छत्तीसगढचे. दोन्ही बाजू आकडे मांडतात, आणि लवादाने आकडे तपासावेतच. पण उन्हाळ्यातला प्रवाह हा एकच आकडा असला तरी त्यात भट्टीची खात्री, उन्हाळी धान, पटरीपारचा नळ, मोहलईच्या कोळ्याचे जाळे आणि शेकडो गावांचा निस्तार हे सगळे एकत्र मिसळलेले आहे. राज्यांनी लवादापुढे प्रत्येक बंधाऱ्याखालच्या गावांची निस्तार पत्रके का मांडू नयेत? ती अस्तित्वात आहेत, कायद्याने करायला लावलेली आहेत, तहसीलीच्या दप्तरांत पडून आहेत. त्यांत कोणत्या तलावात कुणी काय करायचे हे लिहिलेले आहे. तितक्याच स्पष्टपणे उद्योगांना दिलेली खात्री, तिची मुदत आणि दुष्काळी वर्षात ती किती ढिली होईल हेही त्याच कागदावर यायला हवे. वाटपाचा आराखडा दोन राज्यांत जाण्याआधी दुर्ग आणि बालोद जिल्ह्यांपुरती अशी एक यादी करून पाहायला कुठल्याही लवादाच्या परवानगीची गरज नाही.